मावशीच्या हातचा चेहरा

माझी मावशी बोलायची थांबायची ती फक्त काम करताना, आणि तेही नाइलाजाने, कारण तेव्हा दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत असायचं. उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, मधे पीळ, आणि तो पीळ गिऱ्हाइकाच्या भुवईवरून सरकत जायचा. गिऱ्हाईक डोळे मिटून, कातडी ताणून, श्वास रोखून बसलेलं. भुवई संपली की मावशीचं तोंड मोकळं व्हायचं आणि मघाशी वाक्य जिथे अर्धं राहिलं होतं तिथूनच पुढे सुरू. गल्लीत तिला दोरेवाली म्हणत. तिला ते आवडायचं नाही. पाटीवर तिने चांगलं ‘सौंदर्य सेवा’ असं रंगवून घेतलं होतं, पण पाटी वाचायची गरजच कुणाला पडत नसे. लोक आवाजाच्या मागावर वर यायचे.

आमचं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. रस्त्याकडची खोली मावशीच्या कामाची. भिंतभर आरसा, वर दोन ट्यूबलाइट, आणि एका न्हाव्याकडून घेतलेली जुनी खुर्ची. दांडा दाबला की ती वर जायची आणि पाच मिनिटांनी आपली आपण खाली बसायची. मावशी गिऱ्हाइकाबरोबर हळूहळू वाकत जायची, पण खुर्ची दुरुस्त करून घ्यायची नाही. मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी, मावशी, आई आणि मी. आई बस डेपोच्या तिकीट खिडकीवर होती. बाबा आधी कामासाठी परगावी गेले आणि मग तिकडचेच झाले. त्यावर आमच्याकडे फार बोलणं होत नसे. मावशीने लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, “एक जण मागे लागला होता, पण त्याच्या दोन्ही भुवया एकमेकींत घुसलेल्या. तो बोलायचा आणि माझं लक्ष तिथेच.”

तिचा एक नियम होता. तिच्या जिन्यावरून खाली उतरणारा माणूस वर चढताना होता त्यापेक्षा बरा दिसला पाहिजे. हा नियम घरच्यांनाही लागू होता. आई कामावर निघाली की मावशी तिला दारात अडवून कपाळावरचे केस मागे सारायची. मी शाळेला निघाले की हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. सुंदर असणं आपल्या हातात नाही, नीटनेटकं असणं आहे, एवढंच तिचं शास्त्र. अर्धा तास मन लावून काम केलं तर कुठलीही गोष्ट थोडी तरी सुधारते, असं ती खरोखर धरून चालली होती.

मी चौदा वर्षांची असताना मला पहिली फिट आली. शाळेच्या मैदानात, सगळ्या वर्गांच्या रांगा उभ्या होत्या तेव्हा. मला त्यातलं काही आठवत नाही, आठवतं ते शुद्धीवर आल्यानंतरचं. माझ्याभोवती बुटांचं एक मोठं रिंगण होतं, डोक्याखाली बाईंची पर्स होती, आणि माझा स्कर्ट ओला झालेला होता. रिंगणातली एक मुलगी दुसरीला तोंडावर हात धरून काहीतरी सांगत होती. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि त्यामुळे तिने जे जे म्हटलं असू शकेल ते सगळं मी पुढे कित्येक वर्षं ऐकत राहिले. महिनाभर मी शाळेत गेले नाही. पंधरा दिवसांत दुसरी फिट घरी आली, तेव्हा आई मला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरांनी एक छोटी पांढरी गोळी लिहून दिली, सकाळी एक, रात्री दोन. गोळी लागू पडली. इतकी की त्यानंतर फिट नाहीच. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे जायचं, त्यांनी विचारायचं, “फिट?” आईने म्हणायचं, “नाही.” मग ते बोट डोळ्यांसमोर डावीकडे उजवीकडे फिरवायचे, मी नजरेने बोटाच्या मागे जायची, आणि ते विचारायचे, “बाकी काही त्रास?” आई म्हणायची, “काही नाही.” मग तीच गोळी पुढे चालू. बाहेर पन्नास माणसं बाकांवर बसलेली असायची, त्यामुळे याहून जास्त बोलायला कुणालाच सवड नव्हती.

वर्षभराने माझ्या वरच्या ओठावर लव दिसायला लागली, मग कानांसमोर, मग हनुवटीखाली, हातांवर. वयात येणाऱ्या मुलीला थोडंफार होतं तसं ते नव्हतं. ते काळं होतं आणि घाईत होतं. अर्थातच पहिल्यांदा ते मावशीला दिसलं. आई खिडकीच्या जाळीतून दिवसभर माणसांचे हातच बघायची, तिचं चेहऱ्याकडे लक्ष नव्हतं. मावशीने मला आरशासमोर बसवलं, दांडा दाबला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, “हे तुझ्या बाबांकडचं. त्यांच्या आत्याला मिशा होत्या. तू काळजी करू नकोस, आपलं दुकानच आहे.”

तेव्हापासून शनिवारी दुपारी, दोन तास दुकान बंद ठेवून, ती माझा चेहरा करायची. दार लावून, पडदा ओढून. आधी पावडर, मग दोरा. दुखायचं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुसायला तिच्याकडे हात मोकळा नसायचा, म्हणून ती कोपराने पुसायची. काम झालं की गार पाण्याचा फडका चेहऱ्यावर दाबून धरायची आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर आठवड्याभराच्या सगळ्या बातम्या सांगायची. मला त्या दुपारी आवडायच्या, हे सांगितलं पाहिजे. माझ्यासाठी कुणी दुकान बंद ठेवतंय याचं मला फार अप्रूप वाटायचं.

मग हिरड्या. त्या दातांच्या मधून फुगून खाली उतरायला लागल्या, ब्रश लागला की रक्त. मावशी म्हणाली, मी दात नीट घासत नाही. मिठाच्या गुळण्या झाल्या, मऊ ब्रश झाला. हिरड्यांवर दोरा चालत नाही, त्यामुळे तिने वेगळा उपाय काढला. मला ओठ मिटून हसायला शिकवलं. रोज आरशासमोर दहा वेळा. “दात दाखवून हसणारे लोक मला नेहमी काहीतरी विकायला आल्यासारखे वाटतात,” असं ती म्हणायची, म्हणजे मला बरं वाटावं. खूप हसू आलं तर हात कसा वर न्यायचा, तेही शिकवलं. पदर नाही, रुमाल नाही, नुसती दोन बोटं, जणू काही विचारच करतेय. एकदा ती मला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाली होती, तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं, जेवले नाही, दोन दिवस बोलले नाही. शेवटी तिने हात टेकले.

मोठ्या डॉक्टरांकडे जायचा दिवस आला की आदल्या संध्याकाळी तर खास तयारी असायची. शनिवार असो नसो, भुवया, ओठ, हनुवटी, कानांपुढचं सगळं, मग वाफ, मग क्रीम. “इतक्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं तर नीट जायला नको?” मावशीच्या लेखी हा प्रश्न मानाचा होता. आपल्या घरातलं माणूस गबाळं दिसलं तर डॉक्टरही मन लावून तपासत नाहीत, अशी तिची खात्री होती. एकदा डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली आणि आईला म्हणाले, “छान आहे हिची तब्येत. चेहरा कसा टवटवीत आहे.” आईने घरी येऊन ते सांगितलं आणि मावशीने पुढचे दोन महिने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. आमच्या हातचं काम मोठ्या दवाखान्यात पास झालं होतं.

पण काही गोष्टी दोऱ्याने निघण्यासारख्या नव्हत्या. माझे ओठ जाड झाले, नाक पसरलं, चेहऱ्याची कड गेली. ते इतकं सावकाश झालं की रोज बघणाऱ्याला कळू नये, आणि दोन वर्षांनी भेटणाऱ्याने मला ओळखू नये. मला एका मोठ्या वाचनालयात नोकरी लागली. पुढे देवघेवीचं लांब टेबल होतं आणि मागे एक खोली, जिथे नवीन पुस्तकांना शिक्के मारायचे, कार्डाचे खिसे चिकटवायचे, फाटलेली पानं सांधायची. मी मागची खोली मागून घेतली. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला दोनदा पुढे बसशील का म्हणून विचारलं. मला वाचणाऱ्या माणसांशी बोलायला आवडलं असतं, अगदी मनापासून आवडलं असतं. मी दोन्ही वेळा सांगितलं की मला डिंकाचा वास फार आवडतो.

मी चोवीस वर्षांची होते तेव्हा मावशी जिन्यावरून बादली घेऊन उतरताना घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. दुकान बंद. दीड महिना दोरा धरता येणार नव्हता, आणि दुसऱ्या कुणापुढे चेहरा न्यायला मी तयार नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मी वाचनालयात सर्दीचं निमित्त करून तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसू लागले. त्याच आठवड्यात गोळ्या संपल्या. नवीन चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळत नव्हत्या आणि आईला रजा नव्हती, म्हणून डॉक्टरांकडे मावशी आली, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. बसमध्ये ती सारखी स्कार्फ नीट करत होती, डाव्या हाताने.

“फिट?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली.

“डोळे बघू. स्कार्फ काढा.”

मी काढला. त्यांचं बोट डावीकडे गेलं, आणि तिथेच राहिलं.

“हे कधीपासून?”

मी मावशीकडे पाहिलं. “मी काढते ना दर आठवड्याला,” ती म्हणाली. “हात असा झाला म्हणून राहिलंय. प्लास्टर निघालं की परत नीट करते, तुम्ही काळजी करू नका.”

“किती वर्षं काढताय?”

“आठ. नाही, नऊ होतील आता.”

ते उठून माझ्यापाशी आले. “आ करा,” म्हणाले. त्यांनी बॅटरी लावून हिरड्या पाहिल्या, मग परत बसले आणि फाइल शेवटून पहिल्या पानापर्यंत उलटी चाळत गेले.

“दर वेळी इथे लिहिलंय, तक्रार नाही. मी दर वेळी विचारलंय, काही त्रास आहे का. हा त्रास नव्हता?”

“दिसण्याचं कसं सांगायचं तुम्हाला,” मावशी म्हणाली. “तुमच्याकडे केवढी आजारी माणसं येतात.”

“अहो, हे सगळं गोळीमुळे आहे. या गोळीने केस वाढतात, हिरड्या वाढतात, चेहरा जाड होतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण होतं. दुसऱ्या गोळ्या आहेत. मला दिसलं असतं तर पहिल्याच वर्षी मी ही बदलायला घेतली असती.” मग ते मावशीच्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, “तुम्ही फार सफाईने काम केलंत. मला कधी दिसलंच नाही.”

ते टोमणा मारत नव्हते, बहुतेक स्वतःवरच चिडले होते. नऊ वर्षांत ‘आ कर’ म्हणायला त्यांनाही कुणी अडवलं नव्हतं, पण हे मला फार नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त मावशीचं तोंड बघत होते.

“गोळीने असं होतं, हे कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. “औषधाच्या दुकानात, दातांच्या डॉक्टरांकडे, कुठेच नाही?”

“कुणीच नाही,” मावशी म्हणाली. “चूक माझी आहे. मीच झाकत बसले.”

आणि मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात मी ज्याची लाज बाळगते ती गोष्ट म्हणजे ना मिशा, ना हिरड्या, ना मैदानातला ओला स्कर्ट. ते गप्प राहणं. कारण मला सांगितलं होतं.

सतराव्या वर्षी, गोळ्या आणायला मी एकटीच बस स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात गेले होते. तिथे जाड चष्म्याच्या एक बाई असायच्या. मी हळूच विचारलं, चेहऱ्यावरचे केस जायचं काही क्रीम आहे का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “बाळ, या गोळीने होतं हे. हिरड्याही सुजल्यात ना? डॉक्टरांना सांग. ते दुसरी देतील.” मी हो म्हटलं आणि घरी आले. वाटेत माझा सगळा हिशोब झाला होता. दुसरी गोळी म्हणजे ती लागू पडेल की नाही कुणास ठाऊक. नाही पडली तर पुन्हा फिट, वर्गात, रस्त्यात, बसमध्ये. पुन्हा ते बूट. केस तर मावशी काढते, फिट कोण काढणार? म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. परीक्षा झाल्यावर सांगू म्हटलं, मग नोकरी लागल्यावर. दातांच्या डॉक्टरांकडे जायचं नाही म्हणून मी आकांत केला तो त्यासाठीच, ते कुठल्या गोळ्या चालू आहेत म्हणून विचारतील याची मला धास्ती होती. आणि एकदा खूप उशीर झाला की आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हा प्रश्न येतो, म्हणून मग माणूस सांगतच नाही.

दवाखान्याबाहेर बसची वाट बघत आम्ही उभ्या होतो. मावशी एवढंच म्हणाली, “मला वाटलं, तुझ्या बाबांकडचं आहे.” तिने सगळं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. मी ते तिच्या अंगावर राहू दिलं, एवढंच करून थांबले असते तरी एक वेळ ठीक. मी म्हणाले, “तुला माझी लाज वाटत होती. म्हणून तू मला डॉक्टरांपासूनसुद्धा झाकलंस.” हे मी रागाने म्हटलं, आणि राग खरा होता, पण तो तिच्यावरचा नव्हता. बस आली तेव्हा एका हाताने दांडा धरून तिला चढता येईना, आणि मी मागे उभी असून तिला धरलं नाही. मागच्या माणसाने धरलं.

डॉक्टरांनी गोळी हळूहळू बदलली, जुनी कमी करत, नवी वाढवत. चौथ्या महिन्यात मला फिट आली. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, चिकटवायच्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी. डोळे उघडले तेव्हा ग्रंथपाल बाई जमिनीवर माझ्या शेजारी बसल्या होत्या, डोक्याखाली त्यांचा स्वेटर होता आणि माझ्या कमरेवर त्यांनी टेबलावरचं कापड पसरलं होतं. “दीड मिनिट,” त्या म्हणाल्या. “मी घड्याळ लावलं होतं. चहा घेणार?” मग त्यांनी चहा केला. दहा वर्षं मी ज्याला भिऊन जगले होते ते आलं आणि दीड मिनिटात गेलं, आणि नंतर आम्ही चहा प्यायलो. मला त्या दिवशी रडू आलं ते भीतीचं नव्हतं. डॉक्टरांनी गोळीचं माप थोडं वाढवलं, त्यानंतर आजपर्यंत फिट नाही.

हिरड्या दातांच्या डॉक्टरांकडून दोन खेपांत कापून घेतल्या, त्या परत वाढल्या नाहीत. केस वर्षभरात विरळ झाले, पुरते गेले नाहीत. ओठ आणि नाक मात्र तसेच राहिले. ते आता असेच राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी वाचनालयात पुढच्या टेबलावर बसू लागले. पहिले काही दिवस दोन बोटं आपोआप तोंडाकडे जायची. मग लोकांना पुस्तकं शोधून देण्यात ती इतकी गुंतली की त्यांना वर यायला वेळ मिळेना.

मावशीचं प्लास्टर निघालं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. तरी तिने दुकान उघडलं. त्या शनिवारी दुपारी दार लावून, पडदा ओढून ती वाट बघत बसली. मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने तिने पडदा सारल्याचा आवाज आला. पुढे मी माझा चेहरा स्वतःच करायला लागले, आणि वाईट करायला लागले, एक भुवई वर, एक खाली. ती बघायची. तिच्या नियमात बसत नसलेला चेहरा रोज सकाळी तिच्या जिन्यावरून खाली जायचा, पण तिने एकदाही हनुवटी धरली नाही.

गिऱ्हाइकांशी मात्र ती वेगळी वागायला लागली. खुर्चीत बसल्याबरोबर पहिला प्रश्न, “कुठल्या गोळ्या चालू आहेत?” मग दुसरा, “हिरड्या बघू.” नव्या मुलीच्या ओठावर जरा जास्त केस दिसले की दोरा खाली ठेवायची. “आधी डॉक्टरांना हे असंच दाखवून या. मग करते.” बायका चिडायच्या. एक म्हणाली, “भुवया करायला आलेय, भरती व्हायला नाही.” शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना काहीही झालेलं नव्हतं, त्यांच्या फक्त आज्यांना मिशा होत्या. पण मावशी ऐकेना. तिने आरशाच्या वर कागद लावला, ‘औषधे चालू असल्यास आधी सांगावे’. दोन गल्ल्या सोडून एक नवीन पार्लर झालं होतं, तिथे कुणी काही विचारत नव्हतं. गिऱ्हाईक तिकडे वळलं. आई म्हणायची, “अगं, आपलं पोट आहे त्यावर.” मावशी म्हणायची, “एकीचं केलं तेवढं पुरे.” मी हे सगळं सात वर्षं ऐकलं आणि दर वेळी उठून पाणी प्यायला गेले.

मागच्या वर्षी तिने दुकान बंद केलं. मनगट दुखायचं, नजरही कमी झाली होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी ती खोली आवरत होतो. मी आरसा पुसत होते, ती खुर्चीत बसून बाटल्या कागदात गुंडाळत होती, आणि खुर्ची तिला घेऊन हळूहळू खाली चालली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुझी नऊ वर्षं माझ्या हाताने गेली. तू पुढच्या टेबलावर बसली असतीस तेव्हाच. कुणी सांगावं, आणखी कुठेही गेली असतीस. मला झोपताना रोज आठवतं.”

मी फडका ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. सतरावं वर्ष, स्टँडसमोरचं दुकान, जाड चष्म्याच्या बाई, त्यांचे शब्द जसेच्या तसे. मी कशी घाबरले, का बोलले नाही, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं नाही म्हणून का रडले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले, हेही सांगितलं. आणि बस स्टॉपवर जे बोलले ते खोटं होतं, हेही. मावशी हातातली बाटली तशीच धरून ऐकत होती. मधे एकदा तिने विचारलं, “कुठलं म्हणालीस दुकान?” मी सांगितलं, ते आता नाही, तिथे मोबाइलचं दुकान झालंय, त्या बाई कुठे असतात कुणाला माहीत नाही.

मला वाटलं, आता ती चिडेल. मला ते हवं होतं. तिने मला वाट्टेल ते बोलावं, सात वर्षांचं सगळं एकदम बोलावं, म्हणून मी उभी राहिले.

तिने हात पुढे करून माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि हसली. “वेडाबाई,” ती म्हणाली. “लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही. कान बघ कसे लाल झालेत.”

“मी खोटं बोलत नाहीये, मावशी.”

“बरं, नाही बोलत,” ती म्हणाली, आणि बाटली गुंडाळायला घेतली. “मला बरं वाटावं म्हणून एवढी गोष्ट रचलीस. पुस्तकांत राहून राहून जमायला लागलंय तुला.”

मी पुन्हा सांगितलं. रात्री जेवताना आईसमोर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा आईच माझ्यावर रागावली, “आता पुरे कर. एकदा तिचं मन राखलंस, चांगलं केलंस. रोज उगाळलंस तर तिला जास्त त्रास होतो.” त्यानंतर मी सांगायचं थांबवलं.

मावशी अजूनही झोपताना ती नऊ वर्षं मोजते. फक्त आता घरी जे कुणी येईल त्याला ती माझ्याविषयी सांगते, की भाचीचं मन बघा केवढं, माझी चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. मी तिथेच असले तर मान खाली घालते, आणि आलेली माणसं म्हणतात, किती लाजते.